उडालं की उडवलं

धनाजीभाऊ,

हे पत्र वेल्ह्याला तुमच्या वाडीवर पाठवायचं धाडस मला होईलसं वाटत नाही.

लॉकडाऊनमध्ये सारोळ्याच्या आपल्या पंपावर दिवसाला चार दूधगाड्या यायच्या, फार तर एखादी अ‍ॅम्ब्युलन्स. विक्री जवळजवळ थांबली होती, तरी टाकीतलं पेट्रोल मोजपट्टीवर कमी कमी दिसायचं. राखणीला तुम्ही एकटेच. हिशेब मी बघायचे. मी विचारलं, तर हसून म्हणालात, "ताई, उन्हानं उडालं आसंल. म्या न्हाई उडवलं."

ते हसणं मला चोराचं वाटलं. मी शेठना सांगितलं आणि तुमचं काम गेलं. पेट्रोल उडतं हे रसायनशास्त्र शिकलेल्या मला माहीत होतं. पण इतकं कसं उडेल, हेच मी मनात धरून बसले.

यंदा रस्त्याच्या कामामुळे पंप तीन आठवडे बंद होता. काल मोजपट्टी घातली, तर पेट्रोल तसंच कमी झालेलं. टाकीच्या झाकणाचं कुलूप शाबूत होतं. तरी माझी नजर नव्या कामगारावर, हनीफवर गेली.

तो म्हणाला, "माज्याकडं काय बघताय, मॅडम? किल्ली तर तुमच्याच पर्समदी व्हती."

मला अजून ताई म्हणायचं की नाही, ते तुम्हीच ठरवा.

नसरीन