उज्जैनहून जयू, दिलीप आणि साथी

८ ऑगस्ट १९५६, बुधवार

जिंकले! आज रेडिओ सिलोनवर पहिल्या नंबरावर कुठलं गाणं येणार ते मी गेल्या बुधवारीच सांगितलं होतं, आणि तेच आलं. दिलीप अजून म्हणतो आहे, तुक्का लागला. लागू दे. सलग तीनदा लागणाऱ्या तुक्क्याला अक्कल म्हणतात.

बापू बक्षींच्या ओसरीवर आम्ही जमतो. मी, शेजारचा दिलीप, सुलभा आणि बापूंच्या दोन नाती. रेडिओ बापूंचा, मंडळ माझं. नाव : क्षिप्रा श्रोता संघ. अध्यक्ष मी. निवडणूक झाली नाही, गरजच पडली नाही. सिलोनला फर्माइशीची कार्डं आम्ही रीतसर पाठवतो. नियम साधा – जो पोस्टातून कार्ड आणेल त्याचं नाव पहिलं, जो लिहील त्याचं दुसरं, मग बाकीचे. अक्षर दिलीपचं सुरेख, म्हणून लिहायचं काम बहुतेक त्याच्याकडेच. जूनपासून चार कार्डं गेली. अजून एकही लागलं नाही. लागेल. सिलोन काही शेजारच्या देवासला नाही, समुद्रापलीकडे आहे.

आई ओसरीच्या बाहेर सूप घेऊन उभी असते. ‘मी कुठे ऐकते तुमचं ते बोंबलणं’ म्हणते. पण गाणं संपेपर्यंत तांदळातला खडा काही तिला सापडत नाही.

१६ ऑगस्ट

टॉवरजवळच्या टायपिंग क्लासमध्ये आज मिनिटाला पस्तीस शब्द. हिंदीत! मास्तर म्हणाले, “आज तो मशीन थक गई, बेटी.” क्लासमध्ये मुली दोनच, आणि दुसरी अजून एकेका अक्षराची ‘की’ शोधते.

नव्या प्रांताच्या कचेऱ्यांसाठी टायपिस्टांची भरती निघाली आहे. अर्ज टाकला. आधी टाकला, मग वडिलांना – आमच्या दादांना – सांगितलं. उलटं केलं असतं तर अर्ज अजून चर्चेतच राहिला असता.

दादा कचेरीत हेडक्लार्क आहेत, पेन्शनला दोन वर्षं राहिली. सध्या त्यांच्याकडे एकच विषय – एक नोव्हेंबरला मध्य भारत राज्य संपणार आणि राजधानी ना ग्वाल्हेर ना इंदूर, थेट भोपाळ. बापू बक्षी म्हणतात, “आठ वर्षांत हे तिसरं. आधी दरबार, मग मध्य भारत, आता हे. मी आपली खुर्ची काही हलवत नाही.”

माझ्या अर्जावर दादांचा जबाब असा : “नोकरी कर, मी मना करत नाही. पण मुलगी एकटी परक्या शहरात राहणार नाही. तिथे आपलं घर असलं तर गोष्ट अलग.”

भोपाळात आपलं काळं कुत्रंही नाही. तरी बघू. दादांनी नाही म्हटलेलं नाही, हे मी नीट ऐकून ठेवलं आहे.

२२ ऑगस्ट

मॅटिनी. सुलभा आणि मी. नटीचे केस कपाळावर असे काही कापले होते की मी इंटरव्हलमध्येच ठरवून टाकलं.

८ सप्टेंबर

गणपती बसले. आणि मी सकाळी कात्री घेऊन आरशासमोर. आई म्हणाली, “कपाळ कुठे गेलं तुझं? उद्या ग्वाल्हेरची माणसं यायची आहेत.”

मला हे आत्ता सांगते!

९ सप्टेंबर, रविवार

ग्वाल्हेरची माणसं म्हणजे श्रीनाथ आणि त्याची आई. तो सचिवालयात आहे. उंच, चश्मा, बोटांना शाई. त्याच्या आईंनी विचारलं, “विणकाम येतं का?” मी म्हटलं, “नाही. रेडिओ येतो.” दादा खोकले. श्रीनाथ इतका हसला की चहा बशीत सांडला.

मग त्यानेच विचारलं, या बुधवारी पहिलं कोण? मी सांगितलं. त्याने दुसरंच सांगितलं, आणि कारणंही दिली! चुकीची होती, पण दिली. दोन्हीकडची माणसं मोदक खायचं थांबवून आमच्याकडे बघत होती. आपल्याकडे मुलगी बघायला आलेला मुलगा चटईची नक्षी बघत बसतो. हा भांडला.

मला आवडला. लिहून ठेवते, म्हणजे उद्या मला नाकारता यायचं नाही.

१२ सप्टेंबर

बुधवार. पहिलं गाणं माझंच आलं. ग्वाल्हेरला कार्ड टाकलं – एकच ओळ, ‘ऐकलंत?’

१८ सप्टेंबर

होकार! पितृपक्ष लागायच्या आत कळवलं. साखरपुडा तुळशीच्या लग्नानंतर. श्रीनाथचं खातं भोपाळला जाणार आणि त्याला क्वार्टर मिळणार. म्हणजे भोपाळात आपलं घर. दादांची अट आपोआप पुरी झाली. कधी कधी मला वाटतं, देव माझ्या अर्जावर सही करायलाच बसला आहे.

नोकरीचं श्रीनाथला स्पष्ट लिहिलं. त्याचं उत्तर : ‘बघू.’ चालेल. मीही हाच शब्द वापरते.

त्याच्या आईंनाही पत्र टाकलं. दर रविवारी सिलोनचा फर्माइशीचा कार्यक्रम ऐकत जा, आमचं कार्ड आता कुठल्याही रविवारी लागेल, तुमच्या होणाऱ्या सुनेचं नाव अख्खा हिंदुस्थान ऐकेल. असं लिहिलं. अगदी असंच.

२९ सप्टेंबर

इंदूरला परीक्षा झाली. दादा बाहेर बाकावर बसून होते. छत्तीस शब्द, चुका दोन. माझ्या शेजारच्या बुवाची रिबन अडकली, तीही मी काढून दिली.

७ ऑक्टोबर, रविवार

लागलं!!

ओसरीवर सगळे होतो. खरखर, मग एकदम स्वच्छ आवाज – ‘उज्जैन से जयू, दिलीप और साथी.’ बापूंच्या धाकट्या नातीने पेढ्यासाठी आत धूम ठोकली. सुलभा रुसली, साडेतीन महिने वाट बघून ती ‘साथी’त गेली. सूप हातात तसंच धरून आई चक्क ओसरीत आली आणि म्हणाली, “जयू म्हणाले की गं ते!” गाणंही ते चांदण्याचं, दोघांचं. जूनमध्ये आमच्या मंडळाचा जीव त्याच गाण्यावर होता.

ग्वाल्हेरलाही ऐकलं असेल. मी दिवसभर जमिनीवर नव्हते.

११ ऑक्टोबर

ऐकलं होतं. पत्र आलं, श्रीनाथच्या आईंचं, माझ्या आईच्या नावावर.

त्यांनी दर रविवारी गल्लीतल्या बायका बोलावल्या होत्या. या रविवारी अकरा होत्या. चिवडा केला होता. आणि सुनेचं नाव आलं ते एका परक्या मुलाच्या नावाला जोडून, वर ते गाणं! कुणीतरी खोचकपणे विचारलं, नवऱ्यामुलाचं नाव दिलीप का? ‘आमच्या घराण्याची शोभा झाली. हा दिलीप कोण, ते कळवावे.’

दिलीप कोण! ज्याचं अक्षर चांगलं आहे तो. कार्ड मी आणलं, लिहिलं त्याने. हा आमचा नियम होता, आणि जूनमध्ये मला श्रीनाथ नावाचा माणूस जगात आहे हेही ठाऊक नव्हतं. पण हे मला ग्वाल्हेरच्या अकरा बायकांना कोण सांगू देणार? शिवाय रेडिओसमोर त्यांना बसवलं कोणी? मीच. स्वतः निमंत्रण धाडून! माझ्यासारखी शहाणी उज्जैनीत दुसरी नसेल.

आईने पत्र दोनदा वाचलं. मला विचारलं, “तू काही वावगं केलंस का?”

“नाही.”

“मग झालं,” म्हणाली, आणि गवारीच्या शेंगा मोडायला बसली.

१२ ऑक्टोबर

दिलीप येऊन गेला. तोंड उतरलेलं. “मी त्यांना लिहू का? अक्षर बघून तरी विश्वास बसेल.” मी कालपासून पहिल्यांदा हसले. म्हटलं, तुझ्या अक्षरानेच तर हे केलं. मग त्याने खरी काळजी सांगितली – त्याच्या वडिलांनाही कुणीतरी सांगितलं आहे, आणि त्यांनी त्याचं ओसरीवर येणं बंद केलं. बिचारा.

१४ ऑक्टोबर, दसरा

सोनं वाटून आले तर श्रीनाथचं पत्र, ग्वाल्हेरहून आलेल्या कुणाच्या तरी हाती. मला. माझ्याच नावावर.

तो लिहितो, त्याचा माझ्यावर पूर्ण विश्वास आहे. त्याला ठाऊक आहे की यात काही नाही. पण आईचं मन राखायला हवं. तिला दोन ओळी लिही : चूक झाली, माफी असावी, यापुढे रेडिओवर नाव देणार नाही, मंडळ सोडलं. आणि नोकरीचंही आताच नाही म्हणून लिहून टाक, म्हणजे ती शांत होईल. ‘तशी आपल्याला गरज नाही.’

‘बघू’चा अर्थ हा होता तर.

पत्र गोड आहे. शेवटी या बुधवारी पहिलं कोण येणार तेही लिहिलं आहे. म्हणून जास्त राग आला. आणि मी रडले. तो मला आवडतो, अजून आवडतो, त्याला मी काय करू?

१५ ऑक्टोबर

दादा म्हणाले, “दोन ओळींनी काय झिजतं? लिहून टाक. लग्न मोडलं तर भोपाळही गेलं, हे लक्षात ठेव.”

लक्षात आहे. लिहिलं तर नवरा आणि घर, नोकरी नाही. नाही लिहिलं तर नवरा नाही, घर नाही, आणि घर नाही म्हणून नोकरीही नाही. गणिताला बसले तर माफी स्वस्त आहे. दिवसभर गणितच केलं.

१८ ऑक्टोबर

उत्तर टाकलं. क्लासच्या मशीनवर टाइप केलं, म्हणजे अक्षरावरून कुणी काही ओळखायला नको. मास्तरांनी विचारलं, “कोई सरकारी काम है?” मी म्हटलं, तसंच समजा.

श्रीनाथच्या आईंना लिहिलं की चारचौघींत तुम्हाला मान खाली घालावी लागली याचं मला मनापासून वाईट वाटतं. दिलीप कोण, नियम काय, कार्ड कधीचं, सगळं लिहिलं. चूक झाली असं लिहिलं नाही, कारण झालेली नाही. आणि श्रीनाथला वेगळं लिहिलं : तुमचा पूर्ण विश्वास आहे ना? मग तो माझ्याकडे ठेवू नका, आईंना दाखवा. नोकरी लागली तर मी करणार.

पोस्टाच्या पेटीत टाकताना पाकीट अर्धं आत, अर्धं बाहेर, असा थोडा वेळ गेला. मग सोडलं.

२५ ऑक्टोबर

मोडलं. कार्डावर. पाकिटाचीही गरज वाटली नाही त्यांना, पोस्टमनने वाचून मगच दिलं. श्रीनाथचं वेगळं काही आलं नाही. मला वाटलं होतं, येईल.

२६ ऑक्टोबर

नाही आलं.

बापू बक्षी फाटकापाशी भेटले. म्हणाले, “बाळ, बुधवारी अध्यक्षांची खुर्ची रिकामी होती.” पुढच्या बुधवारी जाणार आहे. मान वर करून जाणार आहे.

२७ ऑक्टोबर

नियुक्तीचा हुकूम आला! कनिष्ठ टायपिस्ट, भोपाळ. सात नोव्हेंबरला हजर व्हायचं. आधी ‘कुमारी’, मग माझं नाव, आडनाव, मध्ये दादांचं किंवा कुणाचं नाव नाही, आणि खाली शिक्का. मी पाच वेळा वाचला. आज दिवसभर मला श्रीनाथची आठवण आली नाही. एकदा आली.

२८ ऑक्टोबर, रविवार

दादांनी हुकूम चश्मा लावून वाचला, पाठ थोपटली, आणि घडी करून परत दिला. “अभिमान वाटतो. पण जाता येणार नाही.” मी म्हटलं, खोली घेईन. म्हटलं, दुसऱ्या मुली राहतात. म्हटलं, माझ्या पगारात भागेल. त्यांचं एकच – एकटी नाही. “मला इथून दोन वर्षं हलता येत नाही, नाही तर मी आलो असतो.” रागावलेल्या माणसाशी भांडता येतं. असं बोलणाऱ्याशी कसं भांडायचं?

आई दिवाळीच्या वाती वळत होती. ती काय बोलणार? चौदाव्या वर्षी शाजापूरहून या घरात आली, तेव्हापासून फार तर ओंकारेश्वर.

तरीही सात तारखेला मी जाणार. कशी, ते माहीत नाही. पण जाणार.

२ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

कालपासून आपण मध्य प्रदेशात आहोत. चकल्या तशाच झाल्या.

३ नोव्हेंबर, पाडवा

सकाळी आईने दादांना ओवाळलं. दादांनी दरवर्षीप्रमाणे साडीची घडी तबकात ठेवली. आईने ती उचलून त्यांच्या हातात परत दिली. म्हणाली, “यंदा साडी नको. दोन वर्षं द्या. तुमची पेन्शन होईपर्यंत मी जयूपाशी भोपाळला राहते.”

दादांनी पाटावर बसूनच साडी मांडीवर ठेवली आणि स्वयंपाकघराकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, “कणकेत पाणी किती घालायचं?”