सुईपुढे उभा केलेला पिंजारी

२५ जानेवारी १९३८, हट्टा

संताप! उकंडराव पाटलांच्या घरचा बाजूबंद हरवला, तर अर्धा गाव माझ्या अंधाऱ्या खोलीत! तिथे रेशमाच्या धाग्याला चुंबकसुई टांगली आहे. तिला चिकटवलेल्या आरशाच्या टिकलीतून दिव्याचा कवडसा भिंतीवर पडतो. सुई केसभर हलली तरी कवडसा बोटभर सरकतो. मुंबईच्या वेधशाळेतल्या स्नेह्यांना मी तेवढे कळवतो. पाटलांना वाटते, मी दैवत पाळले आहे.

‘सूप फिरवून चोर न्हाई घावला, शास्त्रीबुवा. आता तुमची सुई!’ पाटील म्हणाले.

एकेकाला पुढे उभे केले. तातेराव — स्थिर. हरिचंद — स्थिर. मग गुलाम नबी पिंजारी. परवाच त्याने पाटलांच्या गाद्या पिंजल्या होत्या. आणि कवडसा दचकला! मग हेलकावे घेऊ लागला — संथ, झोपलेल्या माणसाच्या पोटासारखे. असे मी कधीच पाहिले नव्हते. नाचावे असा क्षण, आणि लोक ओरडताहेत — ‘ह्योच!’

‘अहो, तो बाजूला झाला तरी हलतेच आहे!’ मी ओरडलो.

‘भ्याली ती,’ पाटील म्हणाले.

३० जानेवारी

गुलाम नबीला कोणी कापूस देत नाही. आमच्या सौ. नर्मदाबाईंनी मुद्दाम नवी उशी फोडून त्याला पिंजायला दिली. म्हटले, ‘उशीला काय झालं होतं?’

‘तुमच्या सुईला काय धाड भरली होती?’

९ फेब्रुवारी

मुंबईचे वर्तमानपत्र आले! २५ तारखेलाच ठिकठिकाणच्या चुंबकसुया थरथरल्या. सूर्याकडून काही सुटून आले म्हणतात. त्याच रात्री युरोपभर आकाश तांबडेलाल — आग समजून बंब धावले! मी त्याला मेरुप्रभा म्हणतो. आपले जुने लोक दिग्दाह म्हणत, आणि राजा मरणार म्हणून सांगत. निदान पिंजाऱ्यावर तरी ढकलत नव्हते!

चावडीवर घसा बसेपर्यंत समजावले — कारण एकच. तिकडे आभाळ पेटते, इकडे सुई हलते. माणसाशी संबंध नाही!

पाटलांनी हात जोडले. मला नव्हे, सुईला.

‘सातासमुद्रापलीकडचं दिसून राहिलं तिला. मंग हातभरावरचा चोर दिसनार न्हाई व्हय?’

सगळ्यांच्या माना डोलल्या. बैलसुद्धा इतक्या एकमताने डोलत नाहीत!

१३ फेब्रुवारी

सकाळी गुलाम नबी दारात. आत येईना.

‘शास्त्रीबुवा, चावडीवर तुमी वाचलं ते समदं ऐकलं. येवढ्या दूरचं बराबर दिसतं तिला... मंग मीच झोपंत उचलला आसंल. कुठं ठिवला, तेवढं इचारा तिला. देऊन टाकतो.’