डाव्या स्टँडमधल्या दोन खुर्च्या

मी, वॉल्टर गोरेकी, वय एकाहत्तर, धंदा साचेकाम (आता निवृत्त), राहणार मिलहेवन, ओहायो, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. मिलहेवन हॅमर्स या आमच्या हरणाऱ्या बेसबॉल संघाचा हंगामी पास सलग चव्वेचाळीस वर्षं काढणाऱ्या माणसाच्या बुद्धीबद्दल कोणी शंका घेतली, तर ती त्याने स्वतःजवळ ठेवावी.

डॉक्टरांच्या मते मला एप्रिल दिसणार नाही. नवा हंगाम एप्रिलमध्येच सुरू होतो. म्हणून स्टेडियममधल्या माझ्या दोन खुर्च्या कोणाच्या, हे आत्ताच ठरवणं भाग आहे.

१. संघाचे मालक प्रेस्कॉट हेन यांना मी माझी फाटकी उशी देतो. ती बुडाखाली घेऊन मी या हंगामातले एक्क्याऐंशी घरचे सामने पाहिले. या माणसाने मे महिन्यात आमचे दोन्ही चांगले पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, विकले आणि वर पेपरात सांगितलं, "आम्ही भविष्य घडवतोय." एकशे एकोणीस सामने हरलो! त्यांनी पाठवलेलं फूलही माझ्या शवपेटीवर ठेवू नये. ठेवल्यास माझा शेजारी ओटिस ग्रीअर याने ते उचलून कचऱ्यात टाकावं. त्याने तसं कबूल केलं आहे.

२. स्कोअरच्या चव्वेचाळीस वह्या ओटिसला द्यायच्या होत्या. पण तो या मृत्युपत्राचा साक्षीदार, त्याला काही देता येत नाही म्हणे. तेव्हा त्या मुलगी डेनिस हिला. ओटिसने तिच्याकडे जाऊन वाचाव्यात आणि रडावं.

३. गाडी मुलगा रॉडनी याला. कारण खाली येत आहे.

४. डाव्या स्टँडमधल्या, बाराव्या रांगेतल्या खुर्च्या क्रमांक सात आणि आठ. माझी बायको आयरीन होती तेव्हा आठ तिची. मुलं लहान असतानाच ती गेली, तेव्हापासून रॉडनीची. सगळे धरून चालले होते की दोन्ही त्यालाच जाणार. मीही.

ऑगस्टमध्ये एकदा माझी मुलगी डेनिस मला मैदानावर सोडायला आली आणि सामन्याला थांबली. ओटिसने तिला आपली नऊ नंबरची खुर्ची दिली आणि तो पायरीवर बसला. पाचव्या डावात समोरच्यांनी होमरन मारला आणि चेंडू थेट माझ्या मांडीवर. चव्वेचाळीस वर्षांत पहिला! आमच्याकडे शत्रूचा चेंडू ठेवत नाहीत, मैदानात परत भिरकावतात. सगळा स्टँड ओरडू लागला, "परत फेक! परत फेक!"

"फेक ना लेका वॉल्ट, बघतोस काय!" ओटिस म्हणाला.

"बाबा, तुमचा खांदा... शोभा होईल," रॉडनी कुजबुजला.

मी फेकला. चेंडू चार रांगा खाली एकाच्या बिअरमध्ये पडला. लोक हसले. मी आयुष्यात एवढा कधी ओशाळलो नव्हतो. रॉडनी उठला, "मी गाडीत बसतो," म्हणाला आणि गेला.

डेनिस खाली उतरली. तिने बिअरमधून चेंडू काढला, जीन्सला पुसला आणि असा फेकला की तो लेफ्ट फील्डरच्या पायाशी जाऊन पडला. स्टँड उभा राहिला.

"कोणी शिकवलं तुला हे?" मी विचारलं.

"गॅरेजच्या भिंतीने," ती म्हणाली. "तुम्ही रॉडनीला मॅचला न्यायचात ना बाबा, तेव्हा."

पुढचे चार डाव माझ्या वहीत कोरे आहेत.

दोन्ही खुर्च्या डेनिसला. दुसरीवर कोणाला बसवायचं ते तिने ठरवावं. रॉडनीने चांगल्या शब्दांत विचारलं, तर बघावं.

५. घर दोघांना निम्मं निम्मं. गॅरेजच्या मागच्या भिंतीवर चेंडूचे डाग आहेत. त्यासाठी मी त्या पोरीला दर उन्हाळ्यात झापलं आणि तीनदा रंग दिला. या मृत्युपत्रातला सगळा राग खरं तर हेनवर नव्हे, माझ्यावर आहे, हे इथे लिहून ठेवतो. रंग आता पोपडे धरून निघतोय आणि डाग वर येताहेत. त्या भिंतीला पुन्हा रंग देऊ नये. जो देईल, त्याचा घरातला हिस्सा दुसऱ्याला जाईल.

सही वाकडी आली आहे. खांद्यामुळे. सही माझीच.

वॉल्टर गोरेकी

आमच्यासमक्ष वाचून, समजून सही केली:
ओटिस ग्रीअर, शेजारी
मार्गारेट डुडेक, परिचारिका

मिलहेवन, ओहायो
९ ऑक्टोबर