ताई स्मृती करंडक

प्रिय ताई,

दुरूनच वाकून नमस्कार. (खरोखर वाकलो. कंबर धरली, त्यामुळे पुढच्या चार ओळी तिरप्या आल्यात.) तुझी तब्येत कशी आहे? ठणठणीत असणार याची मला खात्री आहे, आणि ती तशीच राहावी ही माझी इच्छा या खेपेस नेहमीपेक्षा जास्त मनापासूनची आहे. भावोजींचा गुडघा काय म्हणतो? नव्या घराच्या गच्चीत लावलेल्या टोमॅटोंवर कीड पडली होती, ती गेली का? मी बरा आहे. कामही बरं चाललंय. या महिन्यात बावीस कवळ्या करून दिल्या, त्यातली एक परत आली, कारण गिऱ्हाईकाचं म्हणणं असं पडलं की ती घातल्यावर आपण हसत नसतानाही हसतोय असं बायकोला वाटतं.

तर मुद्द्याकडे वळतो. (वळायला थोडा वेळ लागेल. तू चहा करून घे.) गेल्या वर्षी मी इथल्या वक्तृत्व मंडळात नाव घातलं, हे तुला कळवायचं राहिलंच. तू हसशील. हस. पण जरा विचार कर, मी दिवसभर त्या खोलीत प्लास्टरचे जबडे मांडून बसतो. समोर वीस-वीस तोंडं आ वासून असतात आणि एकही शब्द बोलत नाही. अशी सव्वीस वर्षं काढल्यावर माणसाला आपला आवाज कसा आहे तेच आठवेनासं होतं. वाचनालयाच्या जिन्यात पाटी दिसली, ‘दर गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता. पहिल्या दिवशी नुसतं ऐकलंत तरी चालेल.’ मी म्हटलं, हे आपल्याला जमण्यासारखं आहे. आणि पुढचे नऊ गुरुवार मी तो पहिला दिवसच चालवला.

मंडळात आम्ही चौदा जण. अध्यक्ष म्हणजे स्टेशनवर तीस वर्षं गाड्यांच्या घोषणा केलेले गृहस्थ. आवाज असा की खिडकीची काच थरथरते, पण सवयीने प्रत्येक वाक्य दोनदा बोलतात आणि वक्ता उशिरा आला तर झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त करतात. वेळ बघायला औषधाच्या दुकानाचे मालक. त्यांच्यासमोर हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन दिवे. लाल लागला की वाक्य गिळायचं आणि खाली बसायचं. (कसं गिळायचं, हे ते औषधवाल्याच्या चेहऱ्यानेच सुचवतात.) आणि तिसऱ्या म्हणजे चष्म्याच्या दुकानाच्या बाई. त्यांच्याकडे वही असते. भाषणात कोण किती वेळा ‘अं’ म्हणालं, याची त्या रेघ ओढून मोजदाद करतात आणि शेवटी शांतपणे वाचून दाखवतात. माझा पहिल्या भाषणाचा आकडा एकसष्ट होता. भाषण तीन मिनिटांचं होतं.

मंडळाला तू कमी समजू नकोस. आमच्यातल्या लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कारागिराचंच घे. आला तेव्हा नाव सांगताना त्याला घेरी आली होती. गेल्या पावसाळ्यात एका इमारतीत चार माणसं लिफ्टमध्ये अडकली, तर हा वरून यंत्राशी झटापट करता करता फटीतून त्यांच्याशी पाऊण तास बोलत राहिला. प्रस्तावना, तीन मुद्दे, समारोप, सगळं व्यवस्थित. लिफ्ट सुरू झाली तेव्हा त्यातल्या एका आजोबांनी आधी मुद्दा पुरा करायला लावला, मगच ते बाहेर आले. आमच्या वार्षिक अहवालात हा प्रसंग पान तीनवर आहे. पान चारवर मी आहे. इथून पुढचं जरा बसून वाच.

वार्षिक स्पर्धेचा विषय होता, ‘मला घडवणारी व्यक्ती’. मी तुझ्यावर बोललो. ताई, मी तुला हे कधी सांगितलं नाही आणि समोरासमोर सांगणारही नाही, तेव्हा इथेच सांगून टाकतो. मी म्हणालो की लहानपणी मला तोंड उघडायची भीती वाटायची आणि माझी ताई माझ्या वाटचं बोलायची. डॉक्टरांना माझं पोट कुठे दुखतंय ते ती सांगायची, आणि नेमकं तिथेच दुखत असायचं. वर्गात ज्याने मला मारलं त्या मुलाच्या घरी ती एकटी गेली आणि त्याच्या आजीला रडवून आली. मी म्हणालो, मी आज दुसऱ्यांची तोंडं घडवतो, पण माझं तोंड म्हणजे बारा वर्षं माझी ताईच होती. भाषणाचं शेवटचं वाक्य असं ठरवलं होतं, ‘आज ती इथे नाही, कारण ती आपल्या नव्या घरी टोमॅटो लावण्यात गुंतली आहे.’ त्यावर लोकांनी हसायचं होतं.

मी ‘आज ती इथे नाही’ म्हणालो, आणि पुढचं विसरलो.

सगळं कोरं झालं. टोमॅटो आठवेनात, घर आठवेना. मी छताकडे बघत उभा. पिवळा दिवा लागला. मग दिसलं की औषधवाले दिव्यांमागे रुमाल काढून डोळे टिपतायत. अध्यक्षांनी मान खाली घातलेली. लाल दिवा लागला, आणि काहीतरी बोलून बसायचं म्हणून मी म्हणालो, ‘पण तिचा आवाज अजून माझ्या कानात आहे.’ (हे खोटं नाही. तू आदल्याच दिवशी फोन केला होतास.) त्यावर सगळे उठून उभे राहिले. टाळ्या नाहीत, नुसते उभे.

इथपर्यंत माझा दोष फक्त विसराळूपणाचा, हे तू मान्य करशील. पुढचं मात्र माझं मलाच सांगता येत नाही. अध्यक्ष जवळ आले, खांद्यावर हात ठेवून त्यांनी विचारलं, कधी गेल्या? मी म्हणालो, मार्चमध्ये. आता मार्चमध्ये तू नव्या घरी गेलीसच की. अचानक का? मी म्हणालो, नाही, दोन महिने तयारी चालली होती. औषधवाल्यांनी विचारलं, शांतपणे गेल्या ना? मी म्हणालो, नाही, शेवटपर्यंत बोलत होती. ताई, यातला एक शब्दही खोटा नाही, आणि तरी त्या रात्री मी वाढलेलं ताट तसंच झाकून ठेवलं. पहिलं बक्षीस मला मिळालं. त्याच सभेत एकमताने ठराव झाला की यंदापासून उत्कृष्ट वक्त्याला ‘ताई स्मृती करंडक’ द्यावा. आणि चष्मेवाल्या बाई जिन्यात थांबल्या होत्या. त्यांनी मला त्यांच्या धाकट्या भावाबद्दल सांगितलं. तो चार वर्षांपूर्वी गेला, खरोखरचा गेला. हे आपण आजवर कुणापाशी बोललो नाही, म्हणाल्या. बोलताना त्या स्वतः सहा वेळा ‘अं’ म्हणाल्या. मी ऐकून घेतलं, मान हलवली आणि घरी आलो.

आठवडाभर मी कामात चुका केल्या. एका कवळीला दोन सुळे जास्त बसवले. पुढच्या गुरुवारी ठरवून गेलो की आज सांगून टाकायचं. आयत्या वेळचं भाषण होतं, चिठ्ठीत विषय आला ‘छत्री’. मी छत्रीवर दोन वाक्यं बोललो आणि मग म्हणालो की माझी ताई जिवंत आहे. अध्यक्ष उठले आणि म्हणाले की अशी माणसं कधी जात नसतात, अशी माणसं कधी जात नसतात. मी म्हटलं, तसं नाही हो, अगदी चालतीबोलती आहे, जास्त करून बोलतीच. त्यावर टाळ्या पडल्या. लिफ्टवाल्याने मला बाजूला घेतलं आणि समजावलं की मी सध्या दोन मजल्यांच्या मधे आहे, घाई करायची नाही, दार जबरदस्तीने उघडायचं नाही. औषधवाल्यांनी शक्तिवर्धकाची बाटली दिली. आयत्या वेळच्या भाषणाचं बक्षीस, एक पेन, तेही मलाच मिळालं. हे पत्र मी त्यानेच लिहितोय.

विश्वास ठेवला तो एकट्या चष्मेवाल्या बाईंनी. सगळे गेल्यावर त्यांनी वही माझ्यासमोर उघडून ठेवली. आजच्या भाषणात बावीस रेघा. मागच्या गुरुवारी अध्यक्षांना दिलेल्या उत्तरांसमोर एकही नाही. (वही मिटल्यावरही त्यांचे कान मोजतच असतात.)

त्या म्हणाल्या, “तुम्ही खरं बोलताना अडखळता. मार्चमध्ये म्हणताना अडखळला नाहीत.”

मी वहीतल्या रेघा पुन्हा मोजल्या. बावीसच.

“म्हणजे ताई आहेत.”

मी होय म्हणालो. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाल्या की मी माझा भाऊ तुम्हाला सांगितला. बस, एवढंच. मी माफी मागितली. ती कितीदा अडखळत मागितली ते त्यांनी मोजलं नाही, वही पिशवीत गेली होती. जाताना दारात थांबून म्हणाल्या की चुकून झालेलं खोटं निस्तरायलाही माणूस लागतो, तुमच्याकडे तो आहे, तेव्हा घेऊन या. माझ्याकडे असता, त्या म्हणाल्या, तर मी गावभर मिरवला असता.

तेव्हापासून मी रोज हे पत्र लिहायला बसतोय. आज पुरं होतंय. तुला असं मारून टाकल्याबद्दल मला क्षमा कर. बाकी सर्व क्षेम. भावोजींना नमस्कार सांग, पण पत्र दाखवू नकोस.

तुझा,
धाकटा

ता. क. येत्या महिन्याच्या पहिल्या गुरुवारी करंडकाचा समारंभ आहे. तू ये. मी व्यासपीठावरून सगळं पुन्हा सांगणार आहे, आणि ‘ही बघा’ म्हटल्यावर तू तिसऱ्या रांगेतून उभं राहायचंस. सावकाश उभी राहा, अध्यक्षांना रक्तदाब आहे.

ता. क. दुसरा. तुझा एक फोटो हार घालण्यासाठी मागितलाय. मी अजून दिलेला नाही, हे माझ्या बाजूने लक्षात घे.

ता. क. तिसरा. चष्मेवाल्या बाई पहिल्या रांगेत डावीकडे बसतात. त्यांच्याशी जरा गोड बोल. माझ्या लहानपणाबद्दल विचारलं तर निवडक सांग. त्या अविवाहित आहेत, असं मला कळलं. कसं कळलं ते विचारू नकोस. मी विचारलं.

ता. क. चौथा. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात तुझा फोन आला. तू चाळीस मिनिटं बोललीस. मी सात वेळा ‘हो’ म्हणालो, दोनदा ‘बरं’, आणि एकदा ‘काही विशेष नाही’. तेव्हा पत्र मिळाल्यावर कृपा करून फोन करू नकोस. सरळ ये.