आगटी पेटलीच नाय

चि. मुंजाबास,

थोरल्या अक्काचा पोटभर आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? शेरडं बरी असतील. ती तुझ्यापेक्षा शहाणी आहेत. (मी सांगते अन् मपली नात प्रांजली लिहिते. "आजी, हे पण लिहू?" म्हणते. व्हय, लिही.)

तू चितेगावाहून ज्वारीच्या कोवळ्या कणसांचं पोतं धाडलंस, तिथून सगळा घोळ सुरू झाला. हुरडा काय उद्यापर्यंत थांबतो? दाणा निबर होतो. म्हणून लगेच गच्चीवर विटा लावल्या, गोवऱ्या रचल्या, आगटी तयार. तेवढ्यात आमच्या सोसायटीचे चेअरमन खंडेराव आरतीच्या ताटासारखा मोबाईल पुढं धरून जिना चढले. उघड्यावर जाळ करायला बंदी आहे, अन् तुमच्या धुरानं बघा हवा किती खराब झाली, म्हणून मोबाईलमधला लाल आकडा दाखवाय लागले. मी म्हटलं, "साहेब, अजून काडी ओढली नाय. काडेपेटीच सापडंना!" बिचारे एकदा आकड्याकडं बघत, एकदा थंडगार गोवऱ्यांकडं. (त्या यंत्राला मपला मनसुबा आधीच कळला असंल.)

भांडायला पदर खोचलाच होता, पण मागून त्यांची बायको सत्यशीला आली. थंडीत धूर खालीच बसतो अन् तिला दम लागतो. जिना चढून भिंतीला टेकली अन् धापा टाकाय लागली. मग मी खोचलेला पदर सोडला. गोवऱ्या गुपचूप आवरल्या.

शेवटी दाणे गॅसवर तव्यात भाजले. काय सांगू, रंग हिरवागार अन् चव भिजल्या पुठ्ठ्याची! सुनेनं "छान झालाय" म्हणत सगळा डबा खंडेरावांकडं पोचवला. त्यांनी एक घास खाऊन डोळे मिटले, डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं गाव आठवलं. ठसका लागला होता.

बाकी सगळं खुशाल.

तुझी अक्का,
पुतळाबाई (अंगठा)

ता. क. रविवारी रानात मोठी आगटी खणून ठेव, आम्ही येतो. आम्ही म्हणजे आख्खी सोसायटी. बस ठरली आहे. तुला विचारायचं तेवढं राहिलं. सत्यशीलेची बाज लांब, वारा येतो त्या अंगाला टाक.

आणखी एक. मपला भाऊ कापसाच्या पऱ्हाट्या कधीच पेटवत नाय, असं मी छाती ठोकून सांगून बसले आहे. तवा बांधालगतची ती राख रविवारच्या आत नांगरून टाक. अन् पुढच्या वर्षी खरंच पेटवू नको. एवढ्या माणसांपुढं खोटं बोलणं मला या वयात एकदाच झेपतं.