एका लॅपटॉपाचे तीन राखणदार

३ नोव्हेंबर

लॅपटॉप सुरू केला. चहा टाकला, प्यायले, कपबश्या धुतल्या, तुळशीला पाणी घातलं. परत येऊन बघते तर ते गोल चक्र अजून फिरतंच आहे!

कारण माहीत आहे. आमच्या लॅपटॉपावर तीन अँटीव्हायरस आहेत. एक जन्मापासूनचा. दुसरा ह्यांनी बाजारातून आणला. तिसरा फुकट मिळाला म्हणून घेतला. घराला एक कुलूप आणि लॅपटॉपाला तीन!

पण ह्यांना बोलून उपयोग नाही, फेब्रुवारीपासून हे धास्तावलेत. तेव्हा काहीतरी व्हायरस शिरला आणि आमच्या लेकीच्या, गौरजाच्या लग्नाचे मी काढलेले सगळे फोटो गेले. हळदीला पोर हसता हसता रडली, तोही. फोटोग्राफरचा अल्बम आहे, पण त्यात सगळे नुसते उभे. "माज्या हातान कायतरी दाबला गेला," हे स्वतःच म्हणाले. तेव्हापासून घरी कोणीही आलं आणि फोटोंचा विषय निघाला की मी ह्यांच्याकडे बोट दाखवते. हे मान खाली घालून बसतात. नवरा गरीब आहे, कबूल. पण फोटो गेले ते गेलेच.

५ नोव्हेंबर

आज सतरा मिनिटं. कालच्यापेक्षा दोन जास्त.

७ नोव्हेंबर

फजिती! मस्कतच्या मराठी मुलांना लॅपटॉपावरून आठवड्यातून दोनदा वाचायला शिकवायचं काम आलंय. निवृत्तीनंतर पहिल्यांदा कोणीतरी मला 'बाई, या' म्हटलं. आज साडेपाचला नुसती चाचणी होती. तिथल्या सुगंधाताईंना मी 'आ' चा उच्चार करून दाखवत होते आणि नेमकी त्याच क्षणी गोठले. पाच मिनिटं मस्कतला माझी टाळू आणि दाढा दिसत होत्या म्हणे.

सुगंधाताई गोड बोलल्या. पंधरा तारखेला मुलं बसणार, तोवर जमवा, नाहीतर पुण्याच्या एक बाई तयार आहेत. पुण्याच्या बाईंचा लॅपटॉप नक्कीच धावत असणार.

मी खोलीत जाऊन थोडी रडले. लिहायला लाज कसली, ही वही माझीच आहे.

८ नोव्हेंबर

ह्यांना म्हटलं, दोन अँटीव्हायरस काढू या. हे असे दचकले की मी जणू बागेतला राखणदार देवाचा दगड उपटायला निघालेय. दरवर्षी त्याला नारळ देतात, कोंबडा देतात, एक वर्ष चुकत नाहीत. "राखणदार कोण काढता काय गो?" म्हणाले. मी म्हटलं, बागेला एकच आहे ना? तर म्हणे, बागेत तू बसत नाहीस.

ह्याचा अर्थ काय, विचारलं. हे बिनसाखरेचा चहा पीत बसले.

१० नोव्हेंबर

जितेंद्रला बोलावलं. बाजारात त्याचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. चौथीत माझ्या वर्गात होता, पाढे म्हणताना सातावर अडायचा. आता चष्मा लावून गंभीर झालाय.

त्याने आत उघडून बघितलं आणि हसायला लागला. "बाई, तिघेव एकमेकांचीच राखण करतत. लॅपटॉपाकडे बघूक कोणाक वेळच नाय." एकाने फाईल उघडली की दुसरा तिला तपासतो, तपासणाऱ्याला तिसरा धरतो. वर तिघांचीही रोजची मोठी तपासणी साडेपाचलाच! एकच ठेवू, तो जन्मापासूनचा पुरेसा आहे, तपासणी दुपारी जेवणाच्या वेळेवर टाकू, आणि लॅपटॉपाबरोबर उगाच जागे होणारे दहा-बारा प्रोग्रॅम बंद करू, असं त्याने ह्यांना समजावलं. लॅपटॉप उघडा पडणार नाही, हेही दोनदा सांगितलं.

हे उठले, नारळ आणला, लॅपटॉपासमोर ठेवला आणि हात जोडून चक्क गाऱ्हाणं घातलं! "बा म्हाराजा, आजपर्यंत तुमी दोघांनी हयची राखण केल्यात. आता निरोप देतव. काय चूकभूल झाली आसात ती पोटात घाला, आणि हिच्या मस्कतच्या शाळेक यश दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," जितेंद्र म्हणाला आणि अनइन्स्टॉल दाबलं.

हसू आवरेना. पण माझ्या शाळेचं नाव घेतलं, ते बरं वाटलं.

११ नोव्हेंबर

दीड मिनिट! चहाला आधणसुद्धा आलं नव्हतं. नारळाचं खोबरं सोलकढीला वापरलं.

१५ नोव्हेंबर

वर्ग झाला. अकरा मुलं. एकाने विचारलं, बाई, तुमच्यामागे ते आजोबा दारात का उभे आहेत? वळून बघितलं तर हे. राखण करत होते. सुगंधाताई म्हणाल्या, मंगळवारपासून नेमाने सुरू करू.

१६ नोव्हेंबर

राहिलेला अँटीव्हायरस काय काय पकडतो, त्याची यादी कुठे असते ते जितेंद्रने दाखवलं होतं. आज सहज उघडली. फेब्रुवारीतली एकच नोंद. ९ तारीख, दुपारी १२:४०. फाईलचं नाव: पैठणी सोडत. पकडलं खरं, पण व्हायरसने सगळे फोटो कुलूपबंद केल्यावर.

ह्याच वहीची मागची पानं काढली. माझंच अक्षर: '९ फेब्रुवारी. हे पहाटेच आरोंद्याला गेले, भाचीचा साखरपुडा. मी एकटीच. लॅपटॉपावर पैठणीचा फॉर्म भरायला गेले, उघडलाच नाही. नाद सोडला. बांगडे तळले.'

हे संध्याकाळी आले होते. लॅपटॉप त्यांनी उघडला. पैठणीचं ते पान समोरच असणार.

नऊ महिने मी ह्यांना बोलतेय.

१७ नोव्हेंबर

शेजारची रुक्मिणी आली होती. गौरजाच्या हळदीचे फोटो बघायचे होते तिला. ह्यांनी सवयीने मान खाली घातली. मी म्हटलं, "नाय गो. ते माज्या हातान गेले."

ती गेल्यावर ह्यांना विचारलं, इतके दिवस का नाही सांगितलंत? हे बशीत चहा ओतत म्हणाले, "माका तू येरवी पण बोलतसच. त्यात आणखी एक."