चिंचेनं घासलेला नमुना

माय,

चर्रर्र. तापून लाल झालेलं भांडं पाण्यात बुडवल्यावर होतो तो आवाज आज सकाळपासून कानात आहे. धानोऱ्याच्या आठवडी बाजारात मोहाच्या सावलीला कल्हईवाला भाता मारत बसायचा. भांडं तापलं की नवसागराची चिमूट टाकायचा, पांढरा धूर उठायचा, कथलाची कांडी लावून कापसाच्या बोळ्यानं तो आतून हात फिरवायचा आणि काळंपिवळं पितळ बघता बघता रुपेरी व्हायचं. मग पाणी, मग तो आवाज. तू माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचीस, "पाह्य, चांदनं ओतलं आपल्या गंजात." शाळेच्या पुस्तकांत चांदण्याच्या कितीतरी कविता शिकलो, माय, चाली लावून म्हटल्या, पण चांदणं म्हटलं की मला अजून नवसागराचाच वास येतो.

तोच पितळी गंज. शहरातले लोक त्याला पातेलं म्हणतात, माझी सूनही पातेलंच म्हणते. तू गेल्यावर बाबांनी तो गोणपाटात बांधून ठेवला, आणि धानोऱ्याहून चंद्रपूरला बिऱ्हाड हललं तेव्हा तसाच इथल्या माळ्यावर चढवला. तुझ्यानंतर त्याला कुणी कल्हई केली नाही, कुणी चुलीवर ठेवला नाही. परवापरवापर्यंत.

माझी नात, तुझी पणती, बाळंतपणाला आलीय. दिवस भरत आलेत, पायांवर सूज आहे, पण स्वस्थ बसवत नाही तिला. त्यात ती तुझ्यावर गेलीय. मोबाइलवर तिनं कुठंतरी वाचलं की पितळेत शिजवलेलं बाळाला चांगलं. मी भाजी आणायला गेलो आणि इकडे तिनं शेजारच्या पोराकडून माळ्यावरचा गंज काढून घेतला. परत आलो तेव्हा अंबाडीची भाजी रटरटत होती आणि पोरगी वाटीत घेऊन खात बसली होती. पिशवी दारातच टाकली. मी गंज उचलला आणि सगळी भाजी मोरीत ओतली.

"आबा, काऊन फेकली? पणजीचं भांडं हाय ना ते? तिच्याच भांड्यात तिच्यासारखी करावी म्हणून तर केली."

म्हटलं, कल्हई जुनी आहे, पितळ आंबटाला कळकतं. ती म्हणाली, मग नवी कल्हई करून आणू. तेव्हा स्वस्त पडावं म्हणून कथलात शिसं मिसळत, आणि नवा थर त्या जुन्या थरावरच बसतो, हे मी बोललो नाही. ती रुसली. दोन्ही वेळा माझं ताट वाढायची, पण बोलायची नाही.

तुला मी काय नोकरी करतो ते कधी नीट कळलं नाही. "सरकारी दवाखान्यात शिशा धुतो" असं तू गल्लीत सांगायचीस, आणि ते फारसं खोटंही नव्हतं, बाटल्या धुवाव्या लागतच. पण मुख्य काम होतं विष शोधायचं. खेळण्यांचा रंग, मुलाम्याच्या वाट्या, कुंकू, हळद, चिनी मातीच्या बरण्या. लोक घेऊन यायचे, आम्ही बघायचो की यातून काय सुटतं आणि माणसाच्या पोटात जातं. भांड्याची परीक्षा तर अशी सोपी की तुला बसल्या जागी जमली असती. भांड्यात सिरक्यासारखं पातळ आम्ल काठापर्यंत भरायचं, वर काच झाकायची आणि एक दिवस अन् एक रात्र अंधाऱ्या कपाटात ठेवून द्यायचं, हलवायचं नाही. आंबटपणा आपलं काम करत राहतो. जे सुटणार असेल ते हळूहळू सुटतं. मग ते पाणी यंत्रातल्या ज्योतीत सोडायचं. समोर एक दिवा असतो, तो फक्त शिशाचाच. पाण्यात शिसं असेल तर त्या दिव्याचा उजेड ज्योतीत अडतो, आणि जितका अडला तितका आकडा चढतो. मला त्या ज्योतीपाशी बसायला आवडायचं. वरिष्ठ म्हणायचे, कवी लोकांनी यंत्रापाशी बसू नये, झोप लागते.

तर मी गंज घेऊन त्याच प्रयोगशाळेत जायचं ठरवलं. निवृत्त झाल्यावर बऱ्याच वर्षांनी. खिडकीतून रीतसर नमुना देणाऱ्यांच्या रांगेत उभा राहिलो. आता तिथं एक मॅडम आहेत, कोरपन्याकडच्या. नोकरीला लागल्या तेव्हा माझ्याच टेबलाशी काम शिकल्या. कुणाची भीड धरत नाहीत. माझ्या हातातून गंज घेतला, आत डोकावल्या आणि हसल्याच.

"सर, हे काय करून आणलं? आरसा करून टाकला की."

आणि मग गंजाच्या तळाशी ठेवलेले मूठभर तांदूळ त्यांना दिसले, तेव्हा हसू थांबलं.

कारण तू शिकवलं होतंस, माय. दुसऱ्याच्या दारात भांडं खरकटं नेऊ नये आणि रिकामं तर कधीच देऊ नये. प्रयोगशाळा झाली म्हणून काय, ते दुसऱ्याचं दारच. आदल्या संध्याकाळी मी अंगणात बसून चिंच आणि राख घेऊन गंज घासला होता. तू घासायचीस तशी, आतून बाहेर, गोल गोल. तू भांडी घासताना मला पाढे नाही, कविता म्हणायला लावायचीस. पाखरांची म्हण, नदीची म्हण, आणि तुझा हात त्या तालावर फिरायचा. मी पाखरांची पुरी म्हटली, मग नदीची. नदी समुद्राला मिळेपर्यंत गंज लखलखत होता.

"आयुष्यभर लोकांना सांगितलं तुम्ही, नमुना धुवू नका, पुसू नका, आहे तसा आणा," मॅडम म्हणाल्या. "आमाले तर वरडून वरडून शिकवलं. अन् आता तुमीच चिंचेनं घासून आणून राह्यले? वरचा थर तर गेला सर. आता आकडा कमी आला तर मी काय समजू?"

रांगेतल्या एका बाईनं मला तांदूळ काढून घ्यायला आपल्या पदराचा कोपरा पुढं केला. मी वाकून ते त्यात ओतले.

मॅडमनी मग विचारलं की कुणासाठी तपासायचं. मी नातीचं सांगितलं. तुझं सांगितलं नाही. त्यांनी काठाच्या आतल्या दुमडीत नख घालून पाहिलं; तिथं चिंच पोचली नव्हती, जुना थर काळपट राखाडी होऊन बसला होता. इथलं खरवडून आम्लात विरघळवते, म्हणाल्या, आणि भरूनही ठेवते एकदा. उद्या फोन करीन. तोवर पोरीला त्यात काही शिजवू देऊ नका. जणू गंज त्यांच्याकडे न राहता माझ्याच हातात राहणार होता.

तेव्हापासून घरात माझं चित्त नाही. उठतो, माठापाशी जातो, पाणी न पिताच परततो. फोन हातात घेतो, ठेवतो. नात आतल्या खोलीतून माझ्या पायांचा आवाज ऐकत असेल. आज सकाळी मी चौथ्यांदा की पाचव्यांदा दारापर्यंत गेलो तेव्हा तिनं अबोला मोडला. "आबा, मले सांगा तरी. त्या भाजीनं माह्या बाळाले काही होईल काय?" मी म्हटलं, एका वाटीनं काही होत नाही. खरंच होत नसावं. पण एका वाटीचा हिशेब करताना मला दुसऱ्याच वाट्या आठवायला लागल्या.

प्रत्येक परीक्षेबरोबर आम्ही एक कोरा नमुना लावत असू. तेच आम्ल, तीच बाटली, फक्त संशयाची वस्तू नाही. फरक कुठून आला ते त्यावरून कळतं. तुझ्या घरचा कोरा नमुना आम्ही होतो, माय. बाबा आणि आम्ही भावंडं अंबाडी गरम गरम खायचो, चुलीवरून ताटात. उरलेली तशीच गंजात राहायची, झाकण ठेवून, रात्रभर, कोनाड्याच्या अंधारात. सकाळी तळाची ती शिळी आंबट भाजी भाकरीवर घेऊन कोण खायचं? "मुरली की गोड लागते रे," म्हणायचीस. आमच्या कुणाच्या पोटात कधी कळ आली नाही. तुझ्या यायची. तू पोटाशी गुडघे धरून बसायचीस आणि म्हणायचीस, काई नाई, वारा धरला. शेवटी शेवटी तुझं मनगट खाली लोंबायचं, पाण्याची गुंडी धरता यायची नाही, आणि वैद्य म्हणाला कामाचा शीण आहे. आम्ही पण तेच म्हटलं. धानोऱ्यात सगळ्याच बाया शिणलेल्या होत्या.

पोटात कळ, लोंबतं मनगट: शिशाच्या विषाची लक्षणंही हीच. पण हे कदाचित काहीच नसेल. आजार शंभर असतात. मी डॉक्टर नव्हतो, शिशा धुणारा होतो. पण कपाटातलं ते भांडं, वर काच, आत आंबट आणि रात्रभराचा अंधार: इतकी वर्षं ती परीक्षा मी स्वतःच्या हातानं लावली आणि एकदाही मला तुझा कोनाडा आठवला नाही. आता आठवतो तर डोळे मिटवत नाहीत.

हे पत्र कुठं टाकणार मी. लिहून झालं की घडी करून पुस्तकात ठेवीन, तिथंच तुझ्या आवडीच्या कविता आहेत. पण एक सांगतो, मॅडमना सांगितलं नाही ते. गंज घासायला बसलो तेव्हा मला नमुन्याचा नियम आठवत होता. नदीची कविता सुरू करायच्या आधीच आठवला होता. तरी मी चिंच घेतली, आणि पाखरांची संपल्यावर पुन्हा घेतली. मला आकडा कमी यायला हवा होता, माय. पोरीसाठी नव्हे. तुझ्यासाठी.

फाटकाशी स्कूटी थांबली. शेजारी कुणी आलं असेल म्हणून खिडकीतून पाहिलं, तर मॅडम. फोन करणार होत्या. प्रयोगशाळा सोडून त्या कुणाच्या घरी गेलेल्या मी आजवर पाहिल्या नाहीत. नात कमरेला हात लावून दार उघडायला निघालीय. मॅडमनी दोन्ही हातांनी तुझा गंज धरलाय. रिकामा आणला नाही त्यांनी. पुन्हा कुणी त्यात काही शिजवू नये अशी काठापर्यंत काळी माती भरलीय, आणि मातीत शेवंतीचं कोवळं रोप आहे.